लुगडं, वाख, शेण वापरलं की शिल्प आपोआप स्त्रीवादी होतं का? काम करणाऱ्यांनी सांगा

सुईदोरा_अंबाजोगाई
नमस्कार सगळ्यांना. लई दिवसांपासून डोक्यात घोळू लालंय म्हणून विचारते, जरा लांबलं तर सांभाळून घ्या. मी शिल्पकला शिकले अन् आता गावाकडंच राहून काम करते. जुनी लुगडी, धोतरं, वाख (दोर वळायचा तंतू), सुतळी, पोत्याचं बारदान असं घेऊन माणसाएवढ्या, कधी त्याहून मोठ्या आकृत्या करते. आत तारेचा सांगाडा, वरून कापड गुंडाळायचं, गाठी मारायच्या, शिवायचं. टाका म्हणाल तर वाकळेचाच धावदोरा, पण तो अगदी जवळजवळ घेऊन दोरा ओढला की कापड आक्रसतं, त्याला सुरकुत्या पडतात, वय येतं त्याला, मला तेच पाहिजे असतं. सध्याच्या आकृत्या ऊसतोडीच्या बायकांच्या आहेत. बीड जिल्ह्यातल्या ज्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या, २०१९ मधे पेपरात आलं, सरकारनं समिती नेमली, त्या बायका. आमच्या ओळखीत आहेत अशा. फडात खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, पाळीत सुट्टी नाही, दवाखान्यात गेलं की पिशवी काढून टाका म्हणून सांगणार, हे सगळं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

तर एका ग्रुप शोमधे दोन आकृत्या ठेवल्या होत्या. एक ज्येष्ठ शिल्पकार आले, हात मागं बांधून बघितलं अन् म्हणाले हे हस्तकलेच्या टेबलावर जास्त शोभलं असतं. मग एक बाई आल्या, त्या म्हणाल्या किती छान फेमिनिस्ट मटेरियल आहे. पहिल्याचा मला राग आला हे तर आहेच, पण दुसरं ऐकूनही बरं वाटलं नाही, कारण दोघांपैकी कोणीच विचारलं नाही की ही बाई अशी पोटावर हात दाबून का उभी आहे. कापड दिसलं, शिवण दिसली, बास.

तर माझं विचारणं असं की बायकांच्या हातातलं साहित्य वापरलं की काम स्त्रीवादी होतं का? ज्यांनी आधी असं काम केलं त्यांनी हे कसं हाताळलं? अन् तिसरं एकदम व्यवहाराचं, हे टिकतं का? का मुकाट्यानं धातूकडं वळावं?

गिलावा_संभाजीनगर
ताई, टेबलाचं मनावर घेऊ नका, पण त्या बोलण्यामागं जो समज आहे तो बघायला पाहिजे. दगड, धातू, कॅनव्हासवरचं तैलरंग हे मोठं अन् सूत, कापड, माती हे लहान, ही उतरंड आपल्या आर्ट कॉलेजांत इंग्रजांच्या काळात पक्की झाली, आपल्या मातीतली नाही ती. अजिंठ्याची चित्रं काढली कशावर? चिखल, भुसा, झाडपाल्याचे तंतू घालून केलेल्या गिलाव्यावर. अन् वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू सापडलेत, २०१६ मधे तो अभ्यास छापून आला, पुरातत्त्व खात्यातले रसायनतज्ज्ञ अन् आपल्या इथल्या विद्यापीठातले वनस्पतीशास्त्राचे माणूस दोघांचा मिळून. दीड हजार वर्षाच्या आसपासचं काम ज्या तंतूनं धरून ठेवलं त्याला हलकं कसं म्हणणार.

आता तसल्याच झाडाच्या तंतूचं दुसरं काम बघा. मृणालिनी मुखर्जी, १९४९ ते २०१५. बडोद्याला शिकली, के. जी. सुब्रमण्यन तिचे शिक्षक. सत्तरच्या दशकात तिनं तागासारखा सणाचा दोर घेतला अन् गाठी मारून मारून मोठमोठ्या आकृत्या उभ्या केल्या. माग नाही, विणायच्या सुया नाहीत, आधी काढलेलं स्केच नाही, नुसती बोटं अन् गाठ, आत धातूचा सांगाडा. रंगवलेला दोर, जांभळा, लाल, पिवळा. नावं कशी, यक्षी, वनश्री, पुष्प. फूल म्हणावं का योनी म्हणावं का देवी म्हणावं असं बघणाऱ्याला ठरवताच येत नाही, अन् समोर उभं राहिलं की आपण लहान वाटतो. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की तिनं ते भिंतीवर टांगायची शोभेची वस्तू म्हणून ठेवलं नाही. शिल्पानं जी जागा अडवायची, जो दबदबा ठेवायचा तो सगळा तिनं दोराकडून करून घेतला. त्यामुळं तुमच्या आकृत्या माणसाहून मोठ्या आहेत हे ऐकून बरं वाटलं, ते कमी करू नका कोणाच्या सांगण्यावरून.

अन् शीला गौडा. शिक्षण चित्रकलेचं, बंगळूर, बडोदा, शांतिनिकेतन अन् मग लंडन. ब्याण्णवच्या सुमाराला देशात जे झालं, दंगली, बाबरी, त्यानंतर तिला तैलरंगात ते सांगता येईना अन् ती शेणाकडं वळली. पुढं १९९८ पासून तिचं एक काम आहे, नावाचा अर्थ साधारण ‘अन् त्याला माझं दुखणं सांग’ असा. सुईच्या नेढ्यातून दोरा ओवायचा, पूर्ण लांबीभर ओढायचा, असे कितीतरी दोरे एकत्र घेऊन डिंक अन् कुंकवानं चिकटवून लांबच्या लांब लाल दोर करायचा. त्या दोराच्या टोकाला सगळ्या सुयांचा झुबका तसाच लोंबतो. तो दोर खोलीभर वळवळत पडलेला असतो. मसाल्याच्या गिरण्यांतल्या बायका, घरातल्या बायका, न दिसणारी मेहनत, सगळं त्यात आहे पण एक बाईची आकृती नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं सापडतं. कुंकू अन् सुई वापरली म्हणून ते काम स्त्रीवादी नाही, प्रत्येक दोरा सुईतून जातो अन् ती प्रत्येक सुई शेवटी तुमच्यासमोर टोक करून उभी राहते, म्हणजे किती वेळा हात हलला ते लपवायला जागाच ठेवली नाही, म्हणून आहे. तुमच्या शिवणीत तो हात किती दिसतो ते एकदा लांबून बघा.

रंगपेटी_परभणी
मी चित्रकार, त्यामुळं शिल्पाबद्दल कमी बोलते, पण एक धोका सांगते जो मला खरंच वाटतो. सुईदोरा हातात घेतला की लोक आपल्याला परत त्याच खोलीत नेऊन बसवतात. जर्मनीत बाउहाउस ही कला-डिझाइनची शाळा १९१९ ला निघाली, मुलींना प्रवेश दिला, समान संधी म्हणाले, अन् बहुतेकींना विणकामाच्या कार्यशाळेत धाडलं. आनी आल्बर्सला काचकाम करायचं होतं, तिलाही मागावर बसवलं. तिनं पुढं विणकाम कुठल्या कुठं नेलं हे खरं, पण दार आधी बंद झालं होतं. आपल्याकडं वेगळं काय, मुलीनं ड्रॉइंगची आवड सांगितली की रांगोळी, मेंदी, रुखवत. रुखवत तर मी इतक्या घरांसाठी केलंय की त्यातलं कौशल्य मला कोणी सांगू नये. म्हणून मी कापडाला हातच लावत नाही, ब्रश अन् रंग, एवढंच.

तरी साहित्याची निवड म्हणजे काय हे मला नीलिमा शेख यांच्या चित्रांवरून कळलं. चंपा नावाच्या मुलीवरची बारा चित्रं, १९८४-८५ ची. ओळखीतली मुलगी, लहानपणी सायकल चालवणारी, झोके घेणारी, मग लग्न, मग हुंड्यासाठी छळ अन् मृत्यू. एवढा विषय, दुसऱ्यानं भिंतभर कॅनव्हास केला असता. त्यांनी हातकागदावर टेम्परा (चिकट्यात कालवलेला, पाण्यानं पातळ होणारा रंग) केला, लहान आकार, पोथीच्या पानांसारखं एकेक पान जवळून बघावं लागतं. म्हणजे तुम्ही लांब उभं राहून हळहळू शकत नाही, त्या घरात शिरावंच लागतं.

अन् १९८७ ते ८९ मधे नलिनी मलानी, माधवी पारेख, नीलिमा शेख, अर्पिता सिंग या चौघींनी मिळून प्रदर्शन केलं, वेगवेगळ्या शहरांत फिरवलं, कामं मुख्यतः जलरंगातली. जलरंग म्हणजे मुलींचा छंद, खरा चित्रकार तैलरंगात काम करतो असं मानायच्या काळात. चौघींची शैली एकमेकींपासून कुठल्या कुठं आहे अन् तरी एकत्र उभ्या राहिल्या, मला आजही ते लई मोठं वाटतं. मलानींनी पुढं पारदर्शक शीटच्या मागच्या बाजूनं रंगवायची जुनी रीत घेतली, त्यात पहिली रेघ सगळ्यात वर राहते, खोडायची सोय नाही.

माझं म्हणणं एवढंच, कापड आहे म्हणून घेऊ नका, तुम्हाला जे सांगायचंय ते दुसऱ्या कशातच होत नसेल तर घ्या.

बालाघाट_७
वरच्या दोघांचं वाचलं, चांगलं लिहिलंय, पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. बायकांचं साहित्य, बायकांचं काम, असं सगळे म्हणू लालेत. कोणत्या बायका? ताईंनी वाख लिहिलंय. वाख येतो कुठून? आमच्या आज्यानं अन् आजीनं हेच केलं आयुष्यभर, आम्ही मांग समाजाचे. केकताडाची (घायपाताची) पानं बांधावरून तोडून आणायची, ओढ्यात कुजत घालायची, मग ती बडवायची, धुवायची, त्या रसानं हाताला आग अन् खाज सुटते, कोपरापर्यंत फोड यायचे, वास तर अंगाचा जायचा नाही. त्यातून जो पांढरा तंतू निघतो तो वाख. त्याला पीळ भरून कासरा, दावं, चऱ्हाट करायचं अन् बलुत्यात शेतकऱ्याला द्यायचं. बडवायचं, धुवायचं काम बऱ्याचदा बायकांकडं. पण पोळ्याला बैलाला नवा कासरा बांधताना कोणी त्या बाईचं नाव घेतलं नाही, अन् तिच्या हातचा दोर चालायचा, तिच्या हातचं पाणी चालायचं नाही.

शेणाचंही तसंच. अंगणात सडा घालणारी घरची बाई अन् दुसऱ्याच्या गोठ्यातलं शेण काढून डोक्यावर पाटी नेणारी बाई, दोघींच्या हाताला शेणच लागतं पण दोघींना गाव एका नजरेनं बघत नाही. केसांचं बघा, डोक्यात जट झाली की पोरगी देवाला सोडायचे, त्या पोरी कोणत्या जातीच्या असायच्या हे सांगायची गरज नाही. त्यामुळं साहित्य वापरताना त्यातली जात निघून जाते अन् नुसतं ‘स्त्री’ उरते, हे मला पटत नाही.

ज्युडी शिकागोचं ‘द डिनर पार्टी’ सगळ्यांना माहिती असेल, १९७४ ते ७९, त्रिकोणी टेबल, ३९ जागा, प्रत्येक जागेवर इतिहासातल्या एका बाईसाठी चिनी मातीची ताटली अन् भरतकाम केलेलं कापड, आता ब्रुकलिन म्युझियममधे कायम आहे. घरगुती कलेला सन्मान दिला म्हणून त्याचं नाव, ते योग्यच. पण जवळपास सगळ्या ताटल्यांवर योनीसारखा आकार अन् सोजर्नर ट्रुथ ही काळी बाई, गुलामगिरीतून सुटून बायकांच्या हक्कासाठी बोललेली, तिच्या ताटलीवर मात्र चेहरे. काळ्या अभ्यासक बायकांनी तेव्हाच विचारलं की हिला शरीर का नाही. शिवाय ते भरतकाम केलं शेकडो स्वयंसेवकांनी अन् ओळखलं जातं एका नावानं. आपण तिकडची चूक इकडं आणायची नसेल तर हे आधीच बोललं पाहिजे.

याच्या उलट नवज्योत अल्ताफ यांचं बस्तरमधलं काम बघा, कोंडागावला. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून तिथल्या आदिवासी कलाकारांबरोबर राहून केलं. हापशाभोवतीच्या जागा बांधल्या, नळपार म्हणतात त्याला, पाणी भरणाऱ्या बाईला कळशी टेकवायला जागा, वाकून उचलावं लागू नये म्हणून कट्टा, सांडपाणी वाहून जायची सोय, अन् त्यावर कोरीव काम. त्यात शांतीबाई लाकूड कोरणाऱ्या, त्यांचं नाव कलाकार म्हणून सोबत येतं, मदतनीस म्हणून नाही.

ताई, तुम्ही लुगडी कोणाची घेता? पैसे देता का? आकृतीखाली कोणाचं नाव लिहिता? राग मानू नका, तुमचं काम मला महत्त्वाचं वाटू लालंय म्हणूनच विचारतो.

सुईदोरा_अंबाजोगाई
राग कसला, हेच पाहिजे होतं. लुगडी दोन प्रकारची आहेत, काही घरातली अन् नातेवाइकांची, काही त्या ऊसतोडीच्या बायकांनीच दिलेली, नेसून विटलेली. त्यांना मी बदल्यात नवं पातळ दिलं. पैसे द्यायला गेले तर दोघी-तिघींनी घेतले नाहीत. नाव लिहायचं म्हणाल तर अडचण अशी आहे की पिशवी काढलीय हे गावात सगळ्यांना कळावं असं त्यांना वाटत नाही, एकीचा नवरा तर मुकादमाकडंच उचल घेऊन बसलाय. त्यामुळं नाव लावणं त्यांच्या अंगलट येईल. पण वाखाचं तुम्ही म्हणालात ते मी कधी मांडलंच नव्हतं, बाजारातून आणला एवढंच. तो वळणारे आजोबा अन् त्यांच्या घरच्या बाई अजून आहेत आमच्या भागात. त्यांचं नाव लावायला काही अडचण नाही, उलट बोलवायचं त्यांना. मजुरी ठरवून त्यांच्याकडूनच दोर वळून घ्यायचा, अन् काम दोघांच्या नावानं.

भट्टी_नांदेड
धातूकडं ‘मुकाट्यानं’ का वळावं, वाजतगाजत वळा की. धातू पुरुषांचा हे कोणी ठरवलं? पिलू पोचखानावाला, मुंबईच्या, १९२३ चा जन्म, भंगारातलं लोखंड वेल्डिंग करून शिल्पं केली त्यांनी, कोणत्या काळात ते बघा. मीरा मुखर्जींचा जन्मही १९२३ चाच, परदेशात शिकून आल्या अन् मग बस्तरच्या घडव्या कारागिरांकडं बसून मेण-मातीचं ओतकाम शिकल्या. मेणाच्या पट्ट्या, मेणाचे दोरे हातानं लावत जायचं, त्यामुळं त्यांच्या कांस्यावर शिवणीसारखी, विणीसारखी नक्षी दिसते. काम करणारी माणसं, कोळी, विणकर, बायका. तुम्हाला ते फार जवळचं वाटेल. मृणालिनी मुखर्जी पण शेवटच्या काळात सिरॅमिक अन् कांस्यात गेल्या. कापडाची एखादी आकृती मेणात बुडवून ओतून बघा, कापड जळून जातं, त्याची सुरकुती धातूत राहते. मी ओतकाम करतो, भट्टी आहे, यायचं असेल तर या. लहान तुकड्यापासून सुरू करा, पहिलंच मोठं नको.

गिलावा_संभाजीनगर
टिकण्याचं राहिलं होतं, ते सांगतो.

आधी सांगाडा. साधी बांधकामाची तार वापरत असाल तर ती गंजून पावसाळ्यात कापडावर तांबडे डाग पाडणार अन् ते डाग निघत नाहीत, तिथलं कापड पुढं सडतं. स्टेनलेस स्टीलची घ्या, परवडत नसेल तर जस्ताचा मुलामा असलेली, अन् तारेवर आधी सुती पट्टी गुंडाळा. नेसलेलं लुगडं शिवायच्या आधी धुऊन पूर्ण वाळवा, घाम, तेल, खळ राहिली की कसर अन् झुरळं खातात. कीड लागलीच तर औषध फवारू नका. मावेल तेवढा तुकडा प्लास्टिकमधे हवाबंद करून उणे अठराच्या खाली जाणाऱ्या डीप फ्रीजरमधे आठवडाभर, दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर पाणी सुटतं. कापडाच्या म्युझियममधे हीच पद्धत आहे. फेविकॉल शक्यतो टाळा, कडक होतो, पिवळा पडतो, परत काढता येत नाही. टाका घातलेलं केव्हाही चांगलं, तो उसवता येतो.

उजेड कापडाचा मोठा वैरी आहे. म्युझियमं कापडावर ५० लक्सच्या (उजेड मोजायचं माप) आसपासच ठेवतात, आपल्या खिडकीतलं ऊन त्याच्या कित्येक पट. हळद-चुन्याचं कुंकू वापरणार असाल तर ते उन्हात उडतं, हळदीचा रंगच कच्चा. अन् एव्हा हेस या शिल्पकार बाईचं उदाहरण लक्षात ठेवा, १९३६ ते ७०, लॅटेक्स (रबराचा चीक) अन् फायबरग्लासमधे तिनं अप्रतिम काम केलं, मऊ, लोंबणारं, शरीरासारखं, अन् आज त्यातलं लॅटेक्स काळं पडून कडक झालंय, काही कामं प्रदर्शनात ठेवतासुद्धा येत नाहीत. हे साहित्य कसं जुनं होत जाईल ते तिला माहिती होतं अन् तरी तिनं ते निवडलं. तुम्हीही ठरवा, तुमच्या आकृतीनं जुनं व्हावं का नाही. विटलेलं लुगडं आणखी विटलं तर तुमचं म्हणणं कमी होतं का वाढतं, हे तुम्हालाच माहिती.

रंगपेटी_परभणी
मुकादम अन् उचल वाचून बसवेना मला. मी वर लिहिलं कापडाला हात लावत नाही, ते माझ्यापुरतं आहे अन् तसंच राहील, पण तुमच्या बाबतीत दुसरं कशातच होणार नाही हे आता दिसतंय. नेसलेलंच लुगडं पाहिजे तिथं. नावांबद्दल एक सुचवू? नाव नको तर लुगड्याचा काठ दिसता ठेवा. वापरलेल्या पातळाचा काठ ज्याच्या त्याला ओळखू येतो, बाकीच्यांना नाही. ती बाई येऊन बघेल तेव्हा तिला तिचं कळेल, गावाला कळणार नाही.

अन् पोटावर हात दाबलेला आहे म्हणालात, तो हात कसा केलाय? फोटो टाका ना.

सुईदोरा_अंबाजोगाई
काठाचं एकदम पटलं, मी तो आतच दुमडत होते कारण रंग उठून दिसायचा. हात आधी कापडाचा होता, तो मऊ पडला, दाब दिसेना. आता वाखाचा करू लाले, ओला असताना वळवून बांधून ठेवला की वाळल्यावर धरून राहतो. फोटो त्या बायकांना विचारून मगच टाकते. भट्टीवाले दादा, तुमच्याकडं दिवाळीनंतर येईन, फडावर जायच्या आधी या बायकांना आकृत्या दाखवायच्यात, ते आधी. बालाघाट भाऊ, केकताडाचा वाख अन् अंबाडीचा, ओलाव्याला कोणता जास्त तग धरतो? आजोबांनी दोन्ही आहेत म्हणून सांगितलंय.

बालाघाट_७
पाण्यातल्या कामाला, मोटेच्या नाड्याला वगैरे आमच्याकडं केकताडाचाच घ्यायचे, राठ असतो, पिळाला ताठ राहतो. अंबाडीचा मऊ, हाताला सोपा, पण ओलीत राहिला की लवकर कुजतो. तुम्हाला दाब दाखवायचाय तर केकताड घ्या, अन् पीळ उलटा-सुलटा दोन्ही भरून बघा, दोन्ही पदरांना एकाच बाजूनं पीळ भरून ती एकमेकांवर उलट्या बाजूनं घातली की दोर स्वतःच आवळतो. आजोबांना सांगा कासऱ्याचा पीळ नको, नाड्याचा द्या, त्यांना बरोबर कळेल. फोड येतात, हातमोजे घालून द्या त्या बाईला.